अडीनडीचा डबा : मे ते नोव्हेंबर २०२५च्या घरखर्चाच्या नोंदी

४ मे

आज पासबुक, मोबाईलवरचे व्यवहार आणि माझी किराण्याची वही घेऊन बसले. गेल्या वर्षभरात 'हे आत्ता कुठून आलं' असं म्हणत जे जे खर्च केले, ते एका कागदावर उतरवले. गिझरची टाकी फुटली म्हणून नवीन गिझर ७,२००. फ्रिजमध्ये गॅस भरणं ३,२००. दुचाकीचं इंजिनकाम, टायर आणि विमा ९,६००. आईंचं (सासूबाईंचं) मोतीबिंदूचं ऑपरेशन १४,०००. धाकट्याचा ताप आणि तपासण्या ३,८००. लग्नकार्यातले आहेर ७,५००. जूनमधलं शाळेचं सामान ८,४००. पावसानंतर छताला पुट्टी आणि रंग ५,२००. मोबाईलची दुरुस्ती २,५००. बेरीज ६१,४००. महिन्याला साधारण ५,१००.

आमची परिस्थिती सांगते, म्हणजे वाचणाऱ्याला स्वतःच्या घराशी ताडून बघता येईल. पुण्यात बिबवेवाडीला वरच्या मजल्यावर सासऱ्यांनी घेतलेलं घर आहे, त्यामुळे भाडं नाही, हप्ता नाही. यांचा भोसरीच्या वर्कशॉपमधला पगार हातात ३१,००० येतो. माझ्या शिवणकामाचे सरासरी ९,०००. खाणारी तोंडं पाच. किराणा, भाजी, दूध, गॅस, लाइटबिल, शाळा, पेट्रोल, मेंटेनन्स, एलआयसी आणि पोस्टातली २,०००ची आरडी धरून ३४,३०० ठरलेले जातात. उरतात ५,७०० च्या आसपास. म्हणजे कागदावर घर तोट्यात नाही. तरी गेल्या वर्षी दोनदा उसने घ्यावे लागले, कारण हे ५,१०० दर महिन्याला ५,१०० म्हणून येत नाहीत. एकदम १४,००० म्हणून येतात.

यादी परत वाचताना एक गोष्ट ठळक दिसली. दुचाकीचा खर्च, आहेर, शाळेचं सामान, छताचा रंग हे चार खर्च मिळून ३०,७०० होतात, एकूण खर्चाच्या बरोबर निम्मे. यातला एकही अचानक नव्हता. शाळा दरवर्षी जूनमध्येच उघडते, छत दर पावसाळ्यात गळतंच.

म्हणून दोन डबे करायचे ठरवलं. पहिला 'ठरलेला': वर्षातून एकदा येणारे पण माहीत असलेले खर्च, महिन्याला २,६००. दुसरा 'अडीनडीचा': आजारपण आणि मोडतोड, महिन्याला २,५००. पैसे पगाराच्या दिवशीच बाजूला काढायचे, महिनाअखेरीला उरतील त्यातून नाही. 'ठरलेला' पोस्टाच्या बचत खात्यात, कारण तिथे जाऊन फॉर्म भरल्याशिवाय ते निघत नाहीत. 'अडीनडीचा' बँकेच्या जुन्या खात्यात. त्या खात्याचं कार्ड आईंच्या कपाटात.

या महिन्यात जूनची तयारी म्हणून 'ठरलेल्या'त ३,००० आणि 'अडीनडी'त २,६०० टाकले.

११ मे

मार्केट यार्डातून वर्षाचा गहू भरला. लोकवन, ३८ रुपये किलो, क्विंटलभर. ३,८०० एकदम गेले. महिन्याला दुकानातून घेतला तर ४२ पडतो. या महिन्याचा किराणा त्यामुळे ओढाताणीचा होणार. गहू गच्चीवर चार उन्हं देऊन, कडुलिंबाचा पाला घालून कोठीत भरायचा विचार आहे.

भाजीबद्दल लोक फार सल्ले देतात, म्हणून एकदाच लिहिते. मंडईत संध्याकाळी उशिरा गेलं की पालेभाजी स्वस्त मिळते हे खरं. पण ती दुसऱ्या दिवशी निवडताना निम्मी जाते. आमची भाजी महिन्याला ३,००० ची. त्यात कितीही काटकसर केली तरी ३०० वाचतात. ६१,४०० च्या कागदासमोर ते फार छोटे आहेत. त्यामुळे या नोंदींत भाजीवर पुन्हा काही लिहिणार नाही.

१८ मे

छत. गेल्या सहा पावसाळ्यांत आतल्या खोलीच्या कोपऱ्यात ओल येते, पोपडे सुटतात, दिवाळीआधी आम्ही पुट्टी-रंग करतो. गेल्या वर्षीच्या ५,२०० मध्ये पाणी थांबवणारं काहीच नव्हतं, फक्त डाग झाकला गेला.

आज गवंड्याला घेऊन गच्चीवर गेले. दोन गोष्टी सापडल्या. पावसाच्या पाण्याच्या पाइपाचं तोंड पाला आणि कबुतरांच्या पिसांनी बुजलेलं, त्यामुळे पाणी साचून राहतं. आणि कठड्याच्या कडेला कोबा आणि भिंत जिथे मिळतात तिथला वाटा (कोपऱ्यातला सिमेंटचा गोलसर भराव) उललेला. साचलेलं पाणी त्या भेगेतून खाली उतरतं. ज्यांचं वरच्या मजल्यावर घर आहे त्यांनी रंगाऱ्याला बोलवण्याआधी या दोन जागा बघाव्यात.

सोसायटीत विषय काढला की उत्तर ठरलेलं असतं: तुमचं छत, तुम्ही बघा. या वेळी आदर्श उपविधींची (सोसायटीच्या कारभाराच्या नमुना नियमांची) प्रत घेऊन गेले. गच्ची सामाईक आहे आणि गच्चीतून होणारी पावसाच्या पाण्याची गळती सोसायटीच्या खर्चानं दुरुस्त करायची, असं त्यात स्पष्ट आहे. (वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून खाली गळत असेल तर तो विषय वेगळा, तो त्या दोन घरांनी मिटवायचा.) सेक्रेटरी काकांनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. तळमजल्यावरच्या दोघांना पटलं नाही, पण ठराव झाला. बारा घरांत खर्च वाटायचा. काम पुढच्या आठवड्यात.

ज्यांना सोसायटीशी बोलायचंय त्यांना एवढंच सांगेन की तोंडी बोलू नका. अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. आमचा विषय इतकी वर्षं अडला तो कागदच नव्हता म्हणून.

२७ मे

काम झालं नाही. २० तारखेनंतर पाऊस जवळजवळ रोज. काल, २६ मेला, मान्सून पुण्यात पोचल्याचं हवामान खात्यानं जाहीर केलं. एरवी जूनचा दुसरा आठवडा धरून आपण सगळी कामं लावतो. यंदा तो हिशेबच उपयोगाचा राहिला नाही.

कंत्राटदार म्हणाला, दोन सरींच्या मधे वॉटरप्रूफ कोटिंग मारून देतो. गवंड्यानं थांबवलं. ओल्या कोब्यावर मारलेलं कोटिंग धरत नाही, आतली वाफ त्याला फुगवून सोडवते, आणि मग तेच खरवडून परत करायचा खर्च डोक्यावर बसतो. त्यामुळे तात्पुरतं काम केलं: पाइपाचं तोंड मोकळं करून जाळी बसवली, वाट्याच्या भेगा पॉलिमर घातलेल्या मसाल्यानं भरल्या, वर ताडपत्री. ६,००० आले, घरटी ५००. 'अडीनडी'त २,१०० राहिले.

गव्हाला एकच ऊन मिळालं. तसाच कोठीत भरला. मनात धाकधूक आहे.

१५ जून

उद्या शाळा. सामानाचा खर्च ५,१५०. गेल्या वर्षी ८,४०० होता.

फरक कुठे पडला ते लिहिते. मुलगी नववीत. तिची पाठ्यपुस्तकं अप्पा बळवंत चौकात जुनी घेतली, निम्म्या किमतीत. त्याआधी शाळेत विचारून घेतलं की यंदा नववीची पुस्तकं बदललेली नाहीत. ही खात्री करूनच जुनी पुस्तकं घ्यावीत. मुलगा अनुदानित शाळेत पाचवीत आहे, त्याला पुस्तकं मोफत मिळतात. पण गेली दोन वर्षं पाठ्यपुस्तकातच वहीची कोरी पानं असायची, ती यंदापासून बंद झाली, त्यामुळे वह्यांचा खर्च वाढला. वह्या डझनानं घेऊन शेजारणीशी वाटून घेतल्या. गणवेश दोघांचे मीच शिवले. कापड घेताना दोन इंच जास्तीचं घेऊन आत दुमडून ठेवलं आहे, पुढच्या वर्षी सोडता येईल.

बुटांवर वाचवलं नाही. मुलगा चालत शाळेत जातो आणि स्वस्तातला जोड मागच्या ऑगस्टमध्येच फाटला होता. दप्तर मात्र रस्त्यावरून २८० ला घेतलं. ते किती टिकतं ते कळेलच.

'ठरलेल्या'त ४५० उरले. डबा सुरू करायला मे हा सगळ्यात अवघड महिना आहे, हे आता कळतंय. भरतो न भरतो तोच जून येऊन रिकामा करतो. तुम्ही करणार असाल तर दिवाळी झाली की लगेच सुरू करा, म्हणजे शाळेपर्यंत सहा-सात महिने मिळतात.

२० जून

पालख्या आज पुण्यात. दरवर्षी आम्ही थोड्या वारकऱ्यांना पिठलं-भाकरी करून नेतो. आईंनी विचारलं, यंदा कसं करायचं? नेहमीसारखंच केलं. हे, मुलांचं दूध आणि आईंची औषधं, या तीन गोष्टींना हात लावायचा नाही असं आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं. ज्या काटकसरीनं घरातल्या माणसांना आपण गरीब झालो असं वाटायला लागतं, ती दोन महिन्यांपलीकडे चालत नाही, असं माझं मत आहे.

१३ जुलै

लाइटबिल. आमचं बिल १,३०० च्या आसपास येतं. महावितरणचा दर टप्प्यांनी वाढतो. पहिल्या १०० युनिटचा कमी आणि १०१ पासून पुढे बराच जास्त. म्हणजे वाचवलेलं प्रत्येक युनिट वरच्या महागड्या टप्प्यातलं वाचतं.

रात्री झोपताना फ्रिज सोडून सगळं बंद केलं, मीटरचं रीडिंग लिहिलं, सकाळी परत लिहिलं. फ्रिज जास्त खात होता. दाराच्या रबरात कागद धरून दार लावलं आणि ओढला. खालच्या कोपऱ्यात तो सहज निघून आला. म्हणजे रबर सैल, गार हवा बाहेर, कॉम्प्रेसर सतत चालू. गेल्या वर्षी ३,२०० देऊन गॅस भरला तेव्हाही हे रबर असंच असणार, कारण तेव्हाही 'गारच होत नाही' हीच तक्रार होती आणि कोणी दार तपासलं नव्हतं. नवीन रबर बसवून ७५०.

मग गिझर. वर्षाचा झाला नाही तोच खालून पाणी टिपकत होतं आणि पाणी तापायला वेळ लागत होता. वॉरंटी कार्ड सापडलं, त्यात टाकीची वॉरंटी आहे, पण क्षारानं खराब झालेल्या सुट्या भागांची नाही. पहिल्या मेकॅनिकनं उभ्या उभ्या सांगितलं, टाकी गेली, नवीन घ्या. तो गेल्यावर यांनी खाली वाटी ठेवून नीट पाहिलं. पाणी टाकीच्या अंगातून येत नव्हतं, कॉइल बसवलेल्या झाकणाच्या कडेनं येत होतं. दुसऱ्या मेकॅनिकनं झाकण उघडलं तर कॉइलवर पांढऱ्या क्षाराचा जाड थर. उन्हाळ्यात आमच्याकडे टँकरचं पाणी मिसळतं, ते जड असतं. कॉइल, थर्मोस्टॅट, वॉशर आणि मजुरी मिळून ९८०. नव्या गिझरचे सात हजार वाचले.

कोणाच्या गिझरखाली पाणी दिसलं तर आधी तीन ठिकाणं बघा. सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थोडं टिपकणं नॉर्मल आहे, पाणी तापलं की फुगतं. झाकणाच्या कडेनं येत असेल तर वॉशर. टाकीच्या पत्र्यातून गंजाच्या रंगाचं येत असेल तरच टाकी. बघण्याआधी मेन स्विच बंद करा, आणि आतलं काही स्वतः उघडू नका.

बैठकीतला पंखा हळू फिरत होता. तपकीर गल्लीतल्या विजेच्या दुकानातून अडीच मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणला, वायरमननं गिझरच्याच फेरीत बदलून दिला. पंखा बदलायची गरज नव्हती.

२७ जुलै

गव्हात पोरकिडे आणि सोंडे. उन्हाअभावी दाण्यात ओल राहिली होती. चाळून, पाखडून काही वाचला, काही किलो टाकून द्यावा लागला. तीसेक किलो दोन शेजारणींना घेतल्या भावात दिला, त्या लगेच दळून वापरणार होत्या. आम्हीही जास्तीचं दळून ठेवलं नाही, पावसाळ्यात पीठ लवकर खवट होतं.

हिशेब मांडला तर क्विंटलमागे वाचणार होते ४०० रुपये. त्यासाठी ३,८०० अशा महिन्यात अडकवले, ज्या महिन्यात रोख पैशाची सगळ्यात जास्त गरज होती, आणि वर धान्य गेलं. आता महिन्याला लागेल तेवढाच आणायचा. मोठी कोठी, वाळवायला जागा आणि हातात मोकळे पैसे असतील त्यांनीच वर्षाचा भरावा.

१० ऑगस्ट

मुलाला चार दिवस ताप. डेंग्यूची तपासणी पॉझिटिव्ह. डॉक्टरांनी तापाला फक्त पॅरासिटामॉल सांगितली, दुसरी कुठलीही वेदनाशामक गोळी द्यायची नाही, कारण त्यानं रक्तस्रावाचा धोका वाढतो. प्लेटलेट्स उतरत होत्या आणि तो पाणी पीत नव्हता, म्हणून जवळच्या खासगी दवाखान्यात ॲडमिट केलं. बाकी आज काही लिहीत नाही.

१७ ऑगस्ट

मुलगा घरी आला. अशक्त आहे, पण जेवतो आहे.

दवाखान्याचं बिल १८,७००. बाहेरच्या तपासण्या १,९००. पहिल्यांदा आलेलं बिल एका ओळीचं होतं. तपशीलवार बिल मागितलं, ते मिळायला दुपार गेली. त्यातून दिसलं की आणलेली सगळी सलाइनं आणि इंजेक्शनं वापरली गेली नव्हती. उरलेली त्याच मेडिकलमध्ये पावतीसह परत केली, १,१४० परत मिळाले. डिस्चार्जच्या गडबडीत ही पिशवी घरी येते आणि कपाटात पडून राहते. तेव्हाच तपासा.

निव्वळ खर्च १९,४६०. 'अडीनडी'त ७,८७० होते, ते सगळे गेले. ११,५९० कमी. हे म्हणाले, 'ठरलेल्या'तून काढ. त्यात ५,६५०. पूर्ण रिकामा केला असता तर पुढचा ठरलेला खर्च आला की परत उसनवारी. आणि सगळेच कर्ज काढले तर व्याज. शेवटी 'ठरलेल्या'तून ३,५९० काढले आणि आमच्या महिला बचत गटातून ८,००० घेतले, शेकडा एक रुपयानं. पहिल्या महिन्याचं व्याज ८० रुपये. मोबाईलवर दोन मिनिटांत कर्ज देणारी ॲपं आहेत, शेजारच्या इमारतीतल्या एका बाईंना त्यापायी काय सोसावं लागलं ते आम्ही पाहिलंय. तिकडे गेलो नाही. बचत गटाचे महिन्याचे १०० रुपये मी पाच वर्षं भरत होते आणि कधी काढले नव्हते. त्याचा उपयोग या आठवड्यात झाला.

आता मनाला लागलेली गोष्ट. मुलगा ॲडमिट असताना महापालिकेचे लोक फवारणीला आले, गच्चीवर गेले आणि आमच्या ताडपत्रीच्या घड्यांमध्ये साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या दाखवल्या. डेंग्यूचा डास बहुतेक वेळा स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो. मुलाला चावलेला डास तिथलाच असं म्हणता येणार नाही, तो शाळेतही असू शकतो. पण अळ्या आमच्या घराच्या डोक्यावर होत्या आणि ती ताडपत्री आम्ही मेमध्ये घातली ती परत कोणीच पाहिली नव्हती. ताडपत्री घालणार असाल तर ती उताराला ताणून, कडा विटांनी दाबून घाला, घडी राहू देऊ नका. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक दिवस सगळं पाणी रिकामं करून कोरडं करायचं. आमच्या सोसायटीत आता तो दिवस रविवार. कुंड्यांखालच्या बश्या, फ्रिजमागचा ट्रे, पिंपं आणि गच्ची. यादी जिन्यात लावली आहे.

२४ ऑगस्ट

आईंच्या बीपी आणि साखरेच्या गोळ्यांना महिन्याला १,४५० जात होते. औषधांना हात लावायचा नाही असं ठरलं होतं, म्हणून आजवर इकडे पाहिलंच नव्हतं. डॉक्टरांना विचारलं की हीच औषधं जनऔषधी केंद्रातून घेतली तर चालतील का. त्यांनी कंपनीच्या नावांऐवजी घटकांची नावं आणि मात्रा लिहून दिली. तीच औषधं ४२० ला मिळाली.

अडचण आली ती अशी. त्यातली एक गोळी, एकाच गोळीत दोन औषधं असलेली, केंद्रात त्या दिवशी नव्हती, पंधरा दिवसांची नेहमीच्या दुकानातून घ्यावी लागली. आता गोळ्या संपायच्या दहा दिवस आधी फोन करून विचारते. पहिला महिना आईंचं बीपी आणि साखर नेहमीपेक्षा जास्त वेळा तपासायला डॉक्टरांनी सांगितलंय, ते करते आहे.

महिन्याचे हे हजार रुपये आता बचत गटाच्या हप्त्याला.

१४ सप्टेंबर

गणपती साधेपणानं झाले, शाडूची छोटी मूर्ती. खर्च नेहमीच्या घरखर्चातच बसवला.

शिवणयंत्र अडकलं. टाका सुटतो, दोरा तुटतो. नवरात्र आणि दिवाळीच्या ब्लाउजांची गर्दी तोंडावर. यावर विचार करत बसले नाही, त्याच दिवशी मेकॅनिकला बोलावलं. शटल झिजलं होतं, बॉबिन केसही बदलली, १,३५०. 'अडीनडी'त त्या महिन्याचे २,५०० आले होते, त्यातून दिले. घरातला टीव्हीही त्याच आठवड्यात बंद पडला. तो तसाच ठेवलाय. ज्या वस्तूवर पोट आहे ती आधी, आरोग्याची दुसरी, सोयीची शेवटी. हा क्रम आता डब्याच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिला.

जूनमधल्या दप्तराची चेन गेली. चेन बदलायला ८०. एकूण ३६०, म्हणजे तरी नेहमीच्या दुकानातल्यापेक्षा कमीच.

२८ सप्टेंबर

२२ तारखेपासून जीएसटीचे दर बदलले. साबण, शॅम्पू, टूथपेस्ट १८ वरून ५ टक्के, तूप-लोणी आणि बहुतेक औषधं १२ वरून ५ टक्के, सिमेंट २८ वरून १८ टक्के. किराण्याच्या बिलात फरक दिसतो, पण जुन्या मालावर जुनीच छापील किंमत आहे, त्यामुळे काउंटरवर बिल वाचून विचारावं लागतं. आमचा फरक महिन्याला शंभर-दीडशेचा.

आमच्यासाठी मोठी बाब दुसरी. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झाला. ऑगस्टनंतर विमा घ्यायचाच होता.

१९ ऑक्टोबर

दिवाळी. शिवणाचे नेहमीपेक्षा ८,५०० जास्त आले. यांना ८,००० बोनस.

बचत गटाचे राहिलेले ७,००० आणि ७० व्याज फेडले. उरलेले १,४३० 'अडीनडी'त.

आरोग्य विमा घेतला, आम्हा चौघांचा मिळून ३ लाखांचा, १२,९००. बोनसचे ८,००० आणि 'ठरलेल्या'तून ४,९००. आईंना त्यात घेतलं असतं तर हप्ता परवडला नसता. त्यांचं वय ६८. सत्तरी पूर्ण झाली की त्यांचं आयुष्मान वय वंदना कार्ड काढायचं, त्यात वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि उत्पन्नाची अट नाही. तोवर त्यांच्यासाठी अडीनडीचा डबाच. पॉलिसी घेताना खोलीभाड्याला मर्यादा आहे का, आधीच्या आजारांना किती वर्षं थांबायचं, आणि जवळच्या कुठल्या दवाखान्यात कॅशलेस चालतं, हे तीन प्रश्न विचारले. पहिले तीस दिवस अपघात सोडून आजारपणाचा दावा चालत नाही, म्हणून डेंग्यूच्या हंगामाआधी घ्यायला हवा होता. आम्हाला तो हंगामानंतर मिळाला.

टीव्ही अजून बंद. मुलांची तक्रार थांबली आहे.

१६ नोव्हेंबर

गच्ची झाली. कोबा नीट वाळायला पाऊस थांबल्यावर तीन आठवडे दिले. आधी तारेच्या ब्रशनं शेवाळ आणि सुटा थर काढला. भेगा तोंडाशी रुंद करून भरल्या, वाटा पूर्ण तोडून नवा केला. मग कोटिंगचे दोन हात, मधे फायबरची जाळी, दोन हातांमध्ये एक दिवसाचं अंतर. फक्त आमच्या बाजूचा ९०० चौरस फूट भाग, ४५ रुपये दरानं. घरटी ३,४००, 'ठरलेल्या'तून दिले.

शेवटी पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी कोंडलं आणि चोवीस तास ठेवलं. कंत्राटदाराला चाचणीआधी पूर्ण पैसे हवे होते. निम्मेच दिले, बाकीचे चाचणीनंतर. छत कोरडं राहिलं. आतून रंग द्यायची घाई करणार नाही, स्लॅबमधली जुनी ओल निघायला उन्हाळा जाऊ द्यायचा.

३० नोव्हेंबर

'ठरलेला' १,५६०. 'अडीनडी' ७,५८०. कर्ज शून्य.

पुढच्या वर्षाचा 'ठरलेला' परत मांडला. छताच्या रंगाचे ५,२०० कमी झाले. शाळा ५,५०० धरली. आरोग्य विम्याचे १२,९०० वाढले. आहेर ६,०००, एका घरी लग्न असेल तर पाकिटाची रक्कम आम्ही आता आधी ठरवून ठेवतो. दुचाकी ८,०००, टायर येत्या मार्चमध्ये बदलावे लागतील. बेरीज ३२,४००, महिन्याला २,७००. मिळकतकर यात नव्हता, तो आई त्यांच्या पेन्शनमधून भरतात. तो सवलतीच्या मुदतीत भरला की सामान्य करात सूट मिळते, म्हणून ती तारीख आमच्या कॅलेंडरवर मी लिहिली. स्वतः राहत असलेल्या घराची ४० टक्के सवलत बिलात आहे का, तेही बघितलं, ती आहे. ज्यांच्या बिलात नसेल त्यांनी पीटी-३ अर्ज भरावा.

'अडीनडी'चे २,५०० तसेच. तो १५,००० वर गेला की पुढचे पैसे मुदत ठेवीत.

डिसेंबरची कामं: दुचाकीचा विमा १२ तारखेच्या आत, गिझरची कॉइल उघडून क्षार काढणं, आईंच्या तपासण्या.